सोसणें आणि दाखविणें

कंबर धरली म्हणून तज्ज्ञाकडे धांव घेणें आम्हांस बरींच वर्षें भेकडपणाचें वाटे. मणक्यांमधील चकती सरकली तरी बहुतेकांचें दुखणें सहा-आठ आठवड्यांत शस्त्रक्रियेवांचून ओसरतें, हें खरेंच आहे. परंतु ‘सोसावें’ या उपदेशांत एक लबाडीही दडलेली असते.

गडचिरोली १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळा जिल्हा झाला. तिकडे रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलांत वांकून असतात. उन्हाळ्यांत तेंदूपानें तोडतात. त्यांची सहनशीलता आम्ही वाखाणतों. (वाखाणणारा बहुधा आरामखुर्चींत असतो!) पण दवाखाना गांठावयास जिला रान तुडवावें लागतें, मजुरी बुडवावी लागते, तिचें सोसणें हा सद्गुण कीं नाइलाज? डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्रामांतील रुग्णालयांत मुंबईचे मणक्यांचे शल्यवैद्य येऊं लागले, तेव्हां रुग्ण आलेच. सोसणें ही त्यांची आवड नव्हती.

वेदना किती, हा निकष आम्ही आतां सोडला आहे. चालतांना पायांतून चप्पल गळूं लागली, पायांतील शक्ति घटत चालली, तर आठवडे मोजूं नयेत; लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर रात्रही काढूं नये.

आमचा स्वतःचा पायाचा अंगठा उचलेनासा झाला, तेव्हां आम्हीं तें पंधरा दिवस घरीं सांगितलें नाहीं. पुढें मित्रांनीं त्यास धीर म्हटलें. आम्ही शस्त्रक्रियेला भीत होतों. अंगठ्यांत अजून पूर्वीचा जोर नाहीं.