बनबरी आपल्याही घरात आहे

ऑस्कर वाइल्डची विनोदी नाटके म्हणजे चटपटीत संवादांची करमणूक, हे वाचन आता पुरे झाले. ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मधला अल्जरनन नको त्या आमंत्रणांतून सुटायला बनबरी नावाचा कायम आजारी मित्र रचतो, जॅक गावी एका नावाने जगतो, शहरात दुसऱ्या. नाटककार बर्नार्ड शॉला नाटक हसवणारे पण काळजाला न भिडणारे वाटले. पुढच्या काही समीक्षकांना या थापांमागे लपून जगावे लागणारा माणूस दिसला. मला त्यांचेच म्हणणे पटते.

नाटक १४ फेब्रुवारी १८९५ रोजी रंगभूमीवर आले. एप्रिलमध्ये पुरुषांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून वाइल्डला अटक झाली आणि २५ मे रोजी दोन वर्षांची सक्तमजुरी. अटकेनंतरही प्रयोग काही आठवडे चालू होते, पण जाहिरातींवरून लेखकाचे नाव काढले होते. बायकोला आणि दोन मुलांना आडनाव बदलावे लागले. दुहेरी आयुष्यावर पोट धरून हसणाऱ्या समाजाला तसे जगणारा माणूस मात्र नको होता.

आपण वेगळे आहोत का? इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना लागू नाही, हे ठरायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये समलिंगी प्रेमाची ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली. तरीही चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मराठी मुलांपैकी कुणाला आजही घरी फोनवर सांगावे लागते, “आई, रिलीज आहे गं, मुलगी बघायला नाही जमणार.” रिलीज नसतेच. जोडीदार ‘रूममेट’ म्हणून ओळखला जातो. ही थाप त्याच्याकडून आपणच वदवून घेतो.

याच चेन्नईत मदुराईहून पळून आलेल्या दोन समलिंगी तरुणींच्या खटल्यात ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी अशा मुलांना ‘बरे’ करण्याच्या उपचारांना मनाई केली. आपले पूर्वग्रह उघड मान्य करून ते स्वतः मानसशास्त्रज्ञांकडे समजून घ्यायला गेले होते. न्यायाधीशाला जे जमले, ते आईबापांना का जमू नये? मुलाला डॉक्टरकडे ओढू नका, स्थळे दाखवू नका. पुढच्या फोनवर त्याच्या ‘रूममेट’चीही विचारपूस करा आणि दिवाळीला दोघांनाही घरी बोलवा.