मनकवड्याला नाक्यावर गाठलं तर

मनातलं ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्या कलाकाराला कार्यक्रमाबाहेर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘मग आत्ता माझ्या मनात काय चाललंय, सांगा बघू!’ लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या गणपतीत, कुठंही. गवयाला ‘एखादं गाणं होऊन जाऊ दे’ म्हणतात, डॉक्टरला भर मांडवात दुखरा गुडघा दाखवतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की गवयाला गाणं खरोखर येत असतं. मनकवडेपणाचे प्रयोग करणाऱ्याला मनातलं खरोखर कळत नसतं, आणि हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक असतं.

अशा वेळी कलाकार काय करतात? बहुतेक जण प्रश्नच बदलतात. ‘मनात काय आहे’ याला अंत नाही, म्हणून ते म्हणतात, ‘एक ते पन्नासमधला असा आकडा धरा की दोन्ही अंक विषम हवेत आणि वेगवेगळे हवेत. उदाहरणार्थ, 15.’ ऐकणाऱ्याला वाटतं, पन्नासातून निवडायचं आहे. प्रत्यक्षात 13, 15, 17, 19, 31, 35, 37 आणि 39 एवढे आठच आकडे उरतात. उदाहरणात आला म्हणून 15 बाद होतो. उरलेल्या सातांत लोक बऱ्याचदा 37 किंवा 35 धरतात. फूल म्हटलं की गुलाब, तसंच हे. काहींच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल कायम असते. समोरच्यानं मनातलं नाव कागदावर लिहिलं की निम्मं काम झालं. म्हणजे आयत्या वेळचा दिसणारा प्रयोग पुष्कळदा घरून निघतानाच तयार असतो. आणि नेम चुकला तर? थोडं चुकणं उलट फायद्याचं ठरतं. दर वेळी बरोबर ओळखणारा माणूस हातचलाखी करणारा वाटतो. ‘स’ने सुरू होणारं नाव आहे म्हणून अडखळणारा खरा वाटतो.

तयारीशिवाय जमणारा एक जुना प्रकार मात्र आहे. प्रेक्षकानं वस्तू कुठंतरी लपवायची, कलाकारानं त्याचं मनगट धरून चालायचं आणि वस्तू शोधून काढायची. मनात ठिकाण घोळत असलं की हात नकळत तिकडे ओढला जातो. विचारानं आपोआप घडणाऱ्या अशा सूक्ष्म हालचालींचं वर्णन विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्ये केलं. पुढे 1880 च्या दशकात लंडनमध्ये स्टुअर्ट कंबरलंड यांनी यावर नाव कमावलं, आणि हे स्नायूंचं वाचन आहे, मनाचं नव्हे, असंही ते सांगत. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवी; प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगातला ताण बघून तो थांबतो, हे ऑस्कर फुंगस्ट यांनी 1907 मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे यासाठी बर्लिनला जायची गरज नाही. दारी येणारा नंदीबैल मालकाच्या खुणेवर मान डोलावतो हे पोराटोरांनाही माहीत असतं, तरी ‘पाऊस पडेल का?’ हे त्यालाच विचारलं जातं.

यातला खरा पेच कौशल्याचा नाही, आणि तो ठाण्यात नीट दिसतो. तलावपाळीला गडकरी रंगायतन आहे. तिथं तिकीट काढून आत गेलेल्याला समोर खेळ चालला आहे हे माहीत असतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर टेंभी नाका. तिथं आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवात देवीच्या दर्शनाला रांगा लागतात. नाक्यावर तिकीट नाही, पडदा नाही, आणि रांगेतला प्रत्येक माणूस काहीतरी मागायला आलेला असतो. त्या रांगेच्या कडेला चहा पीत उभे असलेले दोघे कल्पावेत. एक रंगायतनात प्रयोग करणारा तरुण कलाकार, दुसरे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आयुष्य घातलेले निवृत्त शिक्षक.

“कॉलेजच्या पोरांनी ओळखलं आणि धरूनच ठेवलं,” तरुण सांगतो. “मी आकडा विचारला, सदतीस निघाला. पोरं खूश. यात माझं काय चुकलं, सर?”

“पोरांच्या बाबतीत काहीच नाही. तू खेळ करतोस हे त्यांना माहीत होतं. पण मागे उभी असलेली बाई काय म्हणाली?”

“मुलगा घर सोडून गेलाय, परत येईल का ते सांगा म्हणाली. मी म्हटलं, मावशी, तो माझा विषय नाही. तर म्हणे, पोरांचं ओळखलंत, मग माझंच का नाही?”

“बघ. पोरांची करमणूक तिच्यासाठी पुरावा झाली. तिनं कुठं तिकीट काढलं होतं?”

“मग काय, दर वेळी आधी जाहीर करू की ही सगळी बनवाबनवी आहे? कादंबरीकार पानोपानी सांगतो का, की यातलं काही घडलेलं नाही?”

“पानोपानी नाही सांगत. पण मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असं छापलेलं असतं. नाक्यावर तुझ्या कपाळावर काय छापलंय?”

तरुणाकडे उत्तर तयार असतं. “मी दैवी शक्तीचा दावा कधीच करत नाही. मानसशास्त्र आहे, देहबोली वाचतो, असंच सांगतो.”

“सदतीस देहबोलीतून आला?”

“नाही.”

“मग बुवा म्हणतो देवीनं सांगितलं, तू म्हणतोस भुवयांनी सांगितलं. खरी रीत दोघांनीही लपवलीच की!”

“रीत सांगितली तर खेळ उरत नाही, सर. आणि मी कुणाला अंगारा विकत नाही.”

सरांचा हा शेवटचा वार बरोबर बसतो. विज्ञानाच्या नावानं केलेली बतावणीही बतावणीच, आणि ती शिकलेल्यांना लवकर पटते. पण तरुणाची बाजूही पोकळ नाही. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं किंवा दहशत घालणं याला गुन्हा ठरवतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. जादूच्या प्रयोगाला त्याची भीती नाही, कारण प्रयोग चमत्काराचा दावाच करत नाही. जानेवारी 2023 मध्ये नागपुरात समोरच्याच्या मनातलं ओळखण्याचा दावा करणारे बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांचा दरबार गाजला, तेव्हा अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी त्यांना 30 लाख रुपयांचं आव्हान दिलं. ‘आत्ता, आमच्यासमोर ओळखा’ ही मागणी तिथं गंमत नव्हती, कसोटी होती. नागपूर पोलिसांना त्या कार्यक्रमात गुन्हा आढळला नाही. त्याच दिवसांत मनकवडेपणाचे प्रयोग करणाऱ्या सुहानी शाह यांनी वृत्तवाहिन्यांवर समोरच्यांच्या मनातली नावं ओळखून दाखवली आणि ही शिकता येणारी कला आहे, असं सांगितलं. प्रयोग दिसायला सारखाच. सोबत काय सांगितलं, यावर त्याचा अर्थ फिरला.

“बरं,” तरुण म्हणतो, “पण गमतीनं कोण विचारतंय आणि अडलेलं कोण आहे, हे मला कसं कळणार?”

“एवढंच तर तुला ओळखायचंय. तेही जमत नसेल तर नाक्यावर वही काढू नकोस.”

“आणि पोरांना नाही म्हटलं असतं तर? शिष्ट म्हणाले असते.”

“म्हणू देत. पुढच्या रविवारी तिकीट काढून येतील.”

तरुण हसतो, पण त्याला हे पूर्ण पटत नाही, आणि न पटण्यात चूकही नाही. रस्त्यावरचा खेळ बंद करून कला जगत नाही. नंदीबैलवाला आणि गारुडी रस्त्यावरच वाढले. कडक वाटेल पण पाळता येईल असा नियम एवढाच निघतो की आकडा, फूल, पत्ता ओळखावा. आजार, लग्न, मूल आणि घरी नसलेला माणूस यांबद्दल एक शब्दही बोलू नये, गमतीनंसुद्धा. आणि त्या बाईसारखं कुणी विचारलं तर पोरांसमोरचा आकडा कसा निघाला, तेवढी रीत तिला तिथल्या तिथं उघडून दाखवावी. एक खेळ वाया जातो, जाऊ द्यावा. मग तिला सांगावं की हरवलेल्या माणसाची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते आणि त्यासाठी चोवीस तास थांबावं लागत नाही.