मोहफुले आणि मान्ना

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधू-भगिनींनो,

उपवासकाळात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोह फुलतो. पाने गळालेल्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. रात्री वटवाघळे त्यांच्या गोडीसाठी येतात आणि पहाटेपर्यंत रसाळ, पिवळसर फुले जमिनीवर टपटपतात. ऊन चढण्याआधी माणसे टोपल्या घेऊन ती वेचतात. न पेरता, न नांगरता मिळालेले हे अन्न पाहून निर्गमाच्या 16 व्या अध्यायातला मान्ना आठवतो. तोही पहाटेच वेचावा लागे. मात्र देवाने त्या दानाला शिस्त घातली होती: गरजेपुरतेच घ्यावे.

मोहाच्या दानालाही शिस्त हवी. फुले चटकन दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. मोठे झाड त्यातून वाचते, कोवळी रोपे जळतात. पुढे टोळीच्या बियाही आपण तेलासाठी वेचून नेतो. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. पहिल्या पावसाच्या सुमारास मातीत पडले तरच रुजते. रोपाला ऊन हवे, ओल हवी आणि आगीपासून अभय हवे. फुलायला त्याला दहाएक वर्षे लागतात. म्हणूनच कितीतरी म्हाताऱ्या मोहांखाली आज एकही रोप दिसत नाही.

सैतानाने प्रभूपुढे ठेवलेला पहिला मोह भाकरीचा होता. भूक खरी होती, भाकरही वाईट नव्हती. वाईट होती ती झटपट वाट. झाडाखाली ओढलेली काडी हीच ती वाट आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने वनोपजावरील आपला हक्क मान्य केला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्कासोबत राखणही येते. पुढच्या पिढीकडून आपल्याला काहीच परत मिळणार नाही. म्हणून तिच्यासाठी केलेले काम हे निखळ प्रेम ठरते.

या उपवासकाळात एक निश्चय करू या. पाला पेटवायचा नाही. खराट्याने झाडायचा किंवा खाली जाळी अंथरायची. झाडण्याचे कष्ट बहुधा बायकांच्या वाट्याला येतात, तेव्हा तरुणांनो, खराटा तुम्ही हाती घ्या. प्रत्येक झाडाखाली थोड्या बिया राहू द्या आणि उगवलेल्या एका तरी रोपाला काट्यांचे कुंपण करा.

रोजची भाकर देणारा पिता आपल्याला ती राखण्याची बुद्धीही देवो. आमेन.

आपला,
धर्मगुरू