कुंडीतला वड

डोंबिवलीतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर, कठड्याच्या भेगेत, वडाचे एक रोपटे उगवले होते. एखाद्या पाखराने बी आणून टाकले असावे. नऊ वर्षांपूर्वी गळती थांबविण्यासाठी कामगार आले, तेव्हा ते उपटून फेकले जाणार हे उघड होते. आम्ही ते मागून घेतले. एक जीव वाचविला, असे मनाशी म्हटले आणि त्याच संध्याकाळी त्याचे सोटमूळ कापले.

बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ उथळ पात्रातील लागवड. जाड वाळू, विटांचा चुरा व शेणखत कालवून आम्ही रोप बसविले, ते हलू नये म्हणून तळाशी तारेने बांधले. शेंडा खुडला की पांढरा चीक ओघळे. फांद्यांना वळण लागावे म्हणून ॲल्युमिनियमची तार गुंडाळली.

झाडाला दुखत नाही का, असे पाहुणे विचारतात. या प्रश्नाने आम्ही फारसे अस्वस्थ होत नाही. छाटणी गुलाबाचीही होते. प्रभू येशूच्या दाखल्यातील माळीही द्राक्षवेल छाटतो. पण तो छाटतो अधिक फळ यावे म्हणून. आम्ही छाटतो ते आमच्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून! येऊरच्या रानातल्या वडावर पाखरे जेवतात. आमच्या वडाखाली मुंगीपुरती सावली पडते.

एका पावसाळ्यात तार सोडायची राहून गेली. पावसात वडाची फांदी झपाट्याने फुगते. गणपतीच्या सुमारास पाहिले तो तार सालीत रुतलेली. तो वळ आजही आहे. कात्री लावल्याचा पश्चात्ताप आम्हांला कधी झाला नाही. त्या विसरण्याचा मात्र होतो. जमिनीतला वड आपले पाणी आपण शोधतो. याचे तसे नाही, आणि ते आमच्यामुळे नाही. नाताळला वसईला गावी जायचे, तर आधी शेजारणीकडे किल्ली द्यावी लागते.

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने एक पाइन वृक्ष असाच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. 1625 पासून जोपासला गेलेला तो वृक्ष 1945 च्या अणुबॉम्बमधूनही वाचला. 1976 मध्ये तो अमेरिकेला भेट देण्यात आला. त्याला रोज पाणी घालणारे हात आज वॉशिंग्टनमध्ये आहेत. आमच्यामागे कोण?

कल्याणला राहणारी आमची मुलगी म्हणते, "डॅडी, वसईच्या वाडीत लावून टाका की!" वडाची जात चिवट, जमीन मिळाली तर तो पुन्हा वाढेल. विहिरीजवळ जागाही आहे. मग अडते कुठे, हे तिला ठाऊक आहे आणि आम्हांलाही. येत्या मृगात पाहू, असे आम्ही तिला सांगितले आहे. गेल्या वर्षीही हेच सांगितले होते.