तीन टाक्या

‘किती असले म्हणजे पुरे?’ हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार जुन्या काळापासून विचारला आहे, आणि आपण संसारी माणसांनी तो तितक्याच निष्ठेने टाळला आहे. घरात राहून तो टाळणे सोपे जाते. घराला नळ असतो, नळामागे धरण असते, धरणामागे पावसाळा असतो. मग हिशेब कोणी व कशाला ठेवावा? मला या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर भेटले ते शिडाच्या एका नौकेच्या आराखड्यात.

माझा एक जुना विद्यार्थी अशा नौकांवर खलाशी आहे. सिंधुदुर्गातल्या आमच्या खाडीकाठच्या शाळेत असताना वजाबाकी करताना तो हातचा हटकून विसरायचा. आता गणपतीला गावी आला की शाळेत डोकावतो. एकदा त्याने फळ्यावर खडूने एक चाळीस फुटी नौका काढली आणि तिच्या पोटात तीन चौकोन आखले. “सर, ही डिझेलची टाकी, २०० लिटर. ही गोड्या पाण्याची, ४००. आणि ही मैल्याची, ६०. माणसे चार. आता सांगा, समुद्रात किती दिवस?” गुरूला गणित घालण्याची संधी शिष्य सहसा सोडत नाही!

शिडाच्या नौकेला डिझेल कशाला, असे आपल्याला वाटेल. बंदरात शिरताना, वारा पडल्यावर, दिव्यांची बॅटरी भरताना ते लागते. लहानसे इंजिन तासाला तीनेक लिटर पिते आणि नौकेला तासाभरात पाचेक सागरी मैल नेते. जाणता नाखवा टाकीतला एक तृतीयांश साठा अडीअडचणीसाठी राखून ठेवतो. उरलेल्या तेलात सव्वादोनशे मैलांचीही मजल होत नाही. पृथ्वीचा घेर आहे २१,६०० सागरी मैल! म्हणजे जगप्रदक्षिणेला निघालेल्या नौकेच्या पोटात त्या वाटेच्या एक टक्का पुरेल एवढेच तेल असते. बाकीचे सारे वाऱ्याच्या भरवशावर. वर्गात हातचा विसरणारा हा मुलगा समुद्रावर मात्र हातचा राखल्याशिवाय नांगर उचलत नाही.

मग टाक्या मोठ्या का करू नयेत? कारण पाण्याला वजन असते. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो. २०० लिटर डिझेल म्हणजे आणखी १७० च्या आसपास. साठा वाढवावा तसतशी नौका जड होते आणि तिची चाल मंदावते. वर टाकी अर्धवट रिकामी झाली की आतले पाणी नौकेबरोबर हिंदकळते व तिचा तोल बिघडवते. म्हणून टाक्या शक्यतो तळाशी बसवतात आणि त्यांच्या आत भोके पाडलेले आडपडदे घालतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण माणसांना लावतो. नौका बांधणाऱ्यांना ती अक्षरशः सांभाळावी लागते.

गंमत अशी की या तिन्ही टाक्यांचा धर्म निराळा आहे. डिझेलची टाकी भरलेली बरी. ती रिकामी राहिली तर आतल्या हवेतली वाफ थिजून पाणी तळाशी साचते, त्या पाण्यात सूक्ष्म जंतू वाढतात, आणि त्यांची बुळबुळीत घाण ऐन वादळात इंजिनाची वाट अडवते. पाण्याचा साठा दोन टाक्यांत विभागलेला बरा. एकीतले नासले तर दुसरी तारते. आणि मैल्याची टाकी रिकामी असेल तितकी चांगली. भरावे काय, वाटावे काय आणि टाकावे काय, हे ज्याला कळले त्याला संसारही कळला, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु येथे एक नैतिक पेच आहे. नौकेवरचा माणूस काटकसरीने वागतो तो नाइलाजाने. तोंड धुण्यासाठी नळ सोडला की पंपाची घरघर सुरू होते, आणि ती ऐकताच हात आपोआप नळ बंद करतो, असे माझा विद्यार्थी सांगतो. अंग आणि भांडी समुद्राच्या पाण्याने धुवायची. गोडे पाणी पिण्याला आणि रांधायला. त्यात माणशी रोज चार-पाच लिटरांत भागते. आपल्याकडे शहरातल्या माणसासाठी रोज १३५ लिटर पाणी धरण्याचा संकेत आहे. पण टाकी छोटी म्हणून जो काटकसरी झाला, त्याला सद्‌गुणी म्हणावे काय? कुलपामुळे जो चोरी करीत नाही, त्याला आपण साधू म्हणत नाही.

या शंकेला त्याच्याच अनुभवात अर्धे उत्तर आहे. एका नौकेवर मालकाने खारे पाणी गोडे करणारे यंत्र बसवले. आठवड्याभरात सर्वांच्या आंघोळी लांबल्या. पण ते यंत्र विजेवर चाले, वीज इंजिनातून येई आणि इंजिन डिझेल पिई. पाण्याच्या टाकीची मर्यादा गेली नव्हती. ती शेजारच्या टाकीत जाऊन बसली होती. यंत्राने मर्यादा नाहीशी होत नाही, दृष्टिआड होते. आणि जी दृष्टिआड झाली तिच्यासाठीच खरा सद्‌गुण लागतो.

मुंबईत बांधलेल्या एका नौकेची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका १९६४ साली मुंबईत पाण्यात उतरली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदरातून एकटा निघाला. दक्षिणेच्या महासागरात एका लाटेने नौकेला आडवे पाडले, आणि पाहतो तो टाक्यांतले गोडे पाणी नासलेले! पुढचे सात महिने हा माणूस डब्यांतल्या थोड्या पाण्यावर आणि शिडावरून ओघळणाऱ्या पावसावर जगला, आणि २२ एप्रिल १९६९ रोजी न थांबता पृथ्वी फिरून परत आला. निघालेल्या नऊ जणांत पोहोचला तो एकटाच. त्याची काटकसर सक्तीची होती हे खरे. पण पावसाचा प्रत्येक थेंब टिपण्याची दक्षता त्याची स्वतःची होती. सक्ती सर्वांवर येते. तिचे शहाणपणात रूपांतर करणे हे ज्याचे त्याच्या हाती.

आता त्या तिसऱ्या, साठ लिटरांच्या टाकीकडे वळू. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय बरा नव्हे, हे मी जाणतो. पण टाळलेल्या विषयांतच नीतीचे बरेचसे सामान असते. चार माणसांची ही टाकी दोनतीन दिवसांत भरते. भरली की काय? मोठ्या जहाजांसाठी २००३ पासून अमलात असलेला आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की, प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, जहाज चालते असताना, सावकाश सोडावा. लहान नौकांसाठी देशोदेशींचे नियम निराळे. अमेरिकेत कच्चा मैला ३ मैलांच्या आत सोडायला बंदी आहे. तोवर आपली घाण आपल्याच बिछान्याखाली घेऊन हिंडावे लागते.

बारा मैलांची ही रेघ मला विचारात पाडते. समुद्र अफाट आहे, तो पोटात घेतो, हे एका नौकेपुरते खरे आहे. हजार नौकांपुरते ते खरे राहील काय? म्हणजे एकच कृत्य एकट्याने केले तर निरुपद्रवी आणि हजारांनी केले तर पाप ठरते. आपला जुना नीतिविचार कृत्याकडे आणि हेतूकडे पाहत आला. संख्येकडे त्याने क्वचितच पाहिले. आज संख्या हाच नीतीचा मोठा भाग झाला आहे.

आणि जमिनीवर तर बारा मैलांचीही तसदी नाही. साखळी ओढली की आपले कर्तव्य संपले! पुढे ते कोण पाहते? हाताने मैला उपसायला लावण्यास आपल्या देशात १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली तो कायदा अधिक कडक झाला. तरीही गटारांत उतरून माणसे गुदमरून मरतात. गाडगे महाराज हाती खराटा घेऊन गावोगाव झाडत गेले, ते रस्ते मळले होते एवढ्याचसाठी काय? ज्याची घाण त्याने पाहावी, हे त्यांना शिकवायचे होते. नौकेवर ही शिकवण मैल्याची टाकी देते. तेथे खालच्या जातीचा, खालच्या मजल्याचा, खालच्या गावचा असा कोणी नसतो, ज्याच्याकडे ती लोटावी.

कोणी म्हणेल, मास्तर, ही श्रीमंतांची हौस. मैलभरावरून हंडा आणणाऱ्या बाईला नौकेवरचा धडा कशाला? तिला नकोच. तिची टाकी तिच्या डोक्यावर आहे आणि तिचे माप तिच्या मानेला ठाऊक आहे. धडा हवा तो आपल्याला, ज्यांच्या टाक्या गच्चीवर आणि जमिनीखाली, नजरेआड आहेत. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे २००९-१० साली एकटे जगप्रदक्षिणा करून आले. जिच्या नावाने ती नौका ओळखली जाते, त्या म्हादेई नदीच्या पाण्यासाठी तीन राज्ये भांडली, लवाद बसला, २०१८ साली निवाडा झाला. एका नौकेवरची माणसे एका टाकीत महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने राहतात. कारण टाकी केवढी आणि प्यायचे कोणी, हे प्रत्येकाला ठाऊक असते. माप माहीत असल्याशिवाय वाटणी न्यायाची होत नाही.

तेव्हा ‘किती पुरे?’ याला माझे उत्तर आकड्यात नाही. जेवढ्याचा हिशेब आपण स्वतः ठेवू शकतो आणि ज्याची घाण आपण स्वतः निस्तरू शकतो, तेवढे पुरे. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून पाट मांडाल, तेव्हा मनसोक्त न्हा. सणाला हात आखडता घेऊ नये. फक्त ते पाणी कोठून आले आणि मोरीतून कोठे गेले, एवढे मुलांना सांगता येईल का, ते एकदा पाहा. येत नसेल तर त्यांना बरोबर घेऊन शोधायला निघा. दिवाळीची सुट्टी तेवढ्याला पुरेल.