गर्भांतील विरळणी आणि मनुष्याचा हात

शास्त्रपाठ : स्तोत्र १३९ : १३–१६, मत्तय १३ : २४–३०, १ करिंथ १२ : १४–२६.



वणीकडील काळ्या जमिनींत शेतकरी एका ठिकाणीं दोन दोन सरक्या टोबतो. रोपें वर आलीं म्हणजे जोमदार रोप राखून दुसरें उपटतो. ह्यास आपण विरळणी म्हणतों. प्राण्यांच्या गर्भांतही कांहींसें असेंच घडतें, हें विद्वानांनीं शोधून काढिलें आहे.

आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. १९७५ सालीं स्पेन देशांतील मोराता व रिपोल ह्या शास्त्रज्ञांनीं फळमाशीवर प्रयोग केले. त्यांस असें दिसलें कीं, सावकाश वाढणाऱ्या पेशी आपल्यासारख्यांमध्यें असतां जगतात. परंतु जोमानें वाढणाऱ्या पेशी शेजारीं असल्या म्हणजे त्या मागें पडून नाहींशा होतात. २०१३ सालीं उंदराच्या कोवळ्या गर्भांतही असेंच आढळलें. अवयव घडण्यापूर्वींच उण्या पेशी मरतात, शेजारच्या पेशी त्यांची जागा भरून काढितात, आणि गर्भ नीट वाढत राहतो.

ह्यावरून कोणी म्हणेल, “बळकटानें जगावें व दुर्बळानें मरावें, हाच सृष्टीचा नियम; तर मंडळीनें दुर्बळांचा भार कां वाहावा?” हा तर्क खोटा आहे.

पहिलें कारण, केवळ जोम म्हणजे आरोग्य नव्हे. २००४ सालीं फळमाशींत असें दिसून आलें कीं, वाढीस चेतविणारें एक द्रव्य ज्या पेशींत फाजील झालें, त्या पेशी निरोगी शेजारणींसही मारून पसरतात. कर्करोगाच्या पेशीही ह्याच रीतीनें जागा बळकावूं शकतात. जो आपल्या भावाचें शेत गिळून मोठा होतो, तो मंडळीचें बळ नव्हे, तिचा रोग होय.

दुसरें कारण, पेशी ही मनुष्य नव्हे. ती शरीरासाठीं आहे. परंतु मनुष्य देवासाठीं आहे. पौलानें मंडळीस शरीर म्हटलें, तें दुर्बळ अवयव तोडून टाकण्यासाठीं नव्हे, तर त्यांस अधिक मान मिळावा म्हणून. निदणाच्या दाखल्यांतही चाकर उपटण्यास उतावीळ झाले, तेव्हां धन्यानें त्यांस थांबविलें.

तथापि मनुष्यानें गर्भांत आपला हात घातलाच. उदरांत मुलगी आहे असें कळतांच तिला नाहींसें करण्याचें पाप इतकें वाढलें कीं, १९८८ सालीं महाराष्ट्रानें भारतांत प्रथम गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा केला. १९९४ सालीं सर्व देशासाठीं तसा कायदा झाला. कायदा यंत्रास आवरील; अंतःकरणास कोण आवरील? मुलगी ही उणी पेशी नव्हे. स्तोत्रकर्त्याच्या साक्षीप्रमाणें, ती गुप्तपणें घडत असतां देवाची दृष्टि तिजवर होती.

उपदेशकांनो, ज्या घरीं मुलगी जन्मली, अथवा ज्या घरीं अपंग बालक आहे, त्या घरीं ह्या आठवड्यांत जा. त्या लेंकरास मांडीवर घ्या आणि शेजाऱ्यांच्या देखत देवाची उपकारस्तुति करा. मंडळीस तोच उपदेश अधिक उमजेल.

प्रभु आपणांस तसें करण्यास कृपा देवो. आमेन.