चुलवाणाच्या तोंडाशी

पंचगंगेच्या काठी एक गुऱ्हाळ होतं. दिवाळी सरली की घाणा सुरू व्हायचा. उसाचा रस काहिलीत पडायचा, भेंडीच्या पाण्यानं मळी वर यायची आणि गुळव्या गार पाण्यात गोळी करून पाक पारखायचा. इथल्या पिवळ्याधमक, ३० किलोच्या रव्यांना कोल्हापूरच्या सौद्यात चांगला भाव मिळे.

एका हंगामात मात्र रवे काळपट आणि मऊ निघू लागले. भाव पडला. गुळव्या म्हणाला, "जाळ घालणारा कुचराई करतोय." जाळ घालणारा म्हणाला, "गुळव्याची नजर गेलीय." तरण्या मालकानं दोघांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. जाळ घालणाऱ्याची तीन दिवसांची मजुरी कापली आणि त्याच्या मते विषय मिटला.

तिथूनच खरं बिनसलं. जाळ घालणारा सांगितलं तेवढंच करू लागला. घाण्यावरची पोरं त्याच्या बाजूनं, मोळ्या वाहणारे गुळव्याच्या बाजूनं. जेवायला दोन पंगती पडू लागल्या. आठवडाभरात एक अख्खं आदण करपलं.

मालकाची आई म्हणाली, "तुझे वडील दर हंगामाचं पहिलं आदण चुलवाणाच्या तोंडाशी बसून काढायचे. तू एकदा बसून बघ."

मालक चुलवाणापुढच्या खड्ड्यात उतरला. तिथून वरची काहील दिसत नव्हती. त्यानं उसाचं चिपाड आत सारलं, पण जाळ धरेना. नुसता धूर कोंडला. मूठभर चिपाड दाबून पाहिलं, तर आतून ओलं.

"मामा, हे असं कसं?"

"अवकाळी पावसात भिजलं, मालक. ताडपत्री आणा म्हणून तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगणार, तर मजुरीच कापली."

तेवढ्यात वरून गुळव्या काहीतरी ओरडला. घाण्याच्या इंजिनाच्या धडधडीत खाली एक शब्द पोचला नाही.

त्या संध्याकाळी मालकानं सगळ्यांना एकत्र बसवलं. "चूक माझी होती," तो म्हणाला आणि कापलेली मजुरी सर्वांदेखत परत केली. दुसऱ्या दिवशी ताडपत्री आली. काहिलीजवळ घंटा टांगली : एक टोला म्हणजे जाळ वाढवा, दोन म्हणजे कमी करा. रोज शेवटचं आदण उतरलं की चहा घेताना मालक विचारू लागला, "आज काय अडलं?" जे कळे, त्याची सोय तो दुसऱ्या दिवशी करी; जमणार नसेल, तर का नाही तेही सांगे.

वाळलेल्या चिपाडाचा जाळ लखलखीत पेटला. गूळ पुन्हा पिवळाधमक उतरला आणि पंगत एकच बसू लागली.

तात्पर्य : माणसं भांडू लागली, तर दोषी शोधण्याआधी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन बसा. वेळेवर ऐकलेल्या तक्रारीचं भांडण होत नाही.